डावीकडचा खालचा कोपरा

सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यापुढे पाच-सहा बायका उभ्या होत्या. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. त्या जमिनीकडे बघत होत्या.

जमिनीवर शरयूची रांगोळी होती. यवतमाळहून आणलेला रांगोळीचा डबा केव्हाच संपला होता. तेव्हापासून ती मक्याच्या पांढऱ्या पिठाची रांगोळी काढायची, आणि ऊन वर येईपर्यंत कोंबड्या ती टिपून टाकायच्या. त्या दिवशीची ठिपक्यांची होती, मधे कासव आणि चारी बाजूंनी वेल.

बायकांमधली सगळ्यांत म्हातारी पुढे झाली. उंच, काटकुळी, डोक्याला निळं फडकं, एका डोळ्यात फूल पडलेलं. तिनं टाचेनं कासव पुसून टाकलं आणि मग ओट्यावर माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिलेल्या एनोकशी बोलायला लागली. एनोक बांदा हा टेकडीवरच्या चित्रांचा राखणदार. संग्रहालयानं दिलेला खाकी कोट तो भर उन्हातसुद्धा घालायचा. म्हातारी बराच वेळ बोलली. एनोक आभाळाकडे बघत राहिला.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

"खुशाली विचारतेय."

"एवढा वेळ?"

"साहेब, अर्धं मला कळलं नाही आणि जे कळलं ते मी ऐकलं नाही. बायकांचं आहे ते."

तेवढ्यात शरयू आतून आली. हात पिठानं माखलेले. पूर्व झांबियात येऊन आम्हाला चार महिने झाले होते आणि बाजारातल्या बायकांत बसून तिनं तिथली भाषा बरीच उचलली होती. मी पुस्तकातून व्याकरण शिकलो होतो, त्यामुळे मला बोलता येत नव्हतं. म्हातारीनं शरयूचं मनगट धरलं, तिची बोटं उलटीसुलटी करून बघितली आणि काहीतरी विचारलं. शरयू हसली. मग बायकाही हसल्या, एकदम, तोंडावर हात ठेवून. एनोक माझी बाही ओढत म्हणाला, "चला साहेब, आपण गाडी पुसू."

"काय झालं होतं गं?" दुपारी मी विचारलं.

"रागावल्या होत्या. त्या मोठ्या अंबुया, म्हणजे आजी. म्हणाल्या, असलं कुणी दारात काढतं का, पुरुष तुडवत जातात. मी म्हटलं, आमच्याकडे दारातच काढतात. तर म्हणाल्या, मग तुमच्याकडच्या बायकांना लाज नाही."

"असलं म्हणजे कसलं?"

"टेकडीवर आहे तसलं," शरयू म्हणाली आणि भाकरी उलटली.

मी हातातला घास तसाच धरून बसलो.

टेकडीवरच्या त्या चित्रांसाठीच मी तिथं आलो होतो. आमच्या दोन खोल्यांच्या पत्र्याच्या घरामागे ती टेकडी होती आणि तिच्या माथ्याखाली एक कपार. कपारीच्या भिंतीवर पांढऱ्या रंगात, हात जाईल तिथवर, चित्रंच चित्रं. चारी पाय फाकवून पसरलेल्या कातड्यासारखे आकार, लांब शेपट्या, कडेनं ठिपक्यांच्या ओळी. माझं काम ती उतरवून घेण्याचं. पारदर्शक प्लास्टिकचा मोठा कागद खडकावर चिकटवायचा आणि खालचं चित्र मेणाच्या पेन्सिलीनं त्यावर गिरवायचं. याचे नियम असतात. खडकाचा टवका उडाला असेल तिथं तिरप्या रेघा. रंग ओघळला असेल तिथं तुटक रेघ. आणि कागद कोरा सोडला, तर तिथं खडक कोरा आहे असं समजायचं.

"कोऱ्या जागेवर लोक सगळ्यांत जास्त विश्वास ठेवतात, पिम," हॅलोवेल म्हणायचा. "तिथं कधी खोटं बोलू नकोस."

डॉ. हॅलोवेल माझा वरिष्ठ. पिंपळखुटे हे आडनाव त्याला पहिल्या दिवशी जमलं नाही, तेव्हापासून मी पिम. माणूस वाईट नव्हता. त्याचा गुडघा गेला होता आणि टेकडी चढणं त्याला शक्य नव्हतं, म्हणून तो शहरातल्या संग्रहालयात बसून माझ्या कागदांवरून विचार करायचा. त्याच्या मते ती मगरीची कातडी होती. दोन हजार वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या शिकारी लोकांनी काढलेली, आताच्या गावांशी काही संबंध नसलेली. मला तसं वाटत नव्हतं. नदीकाठी जी पांढरी माती बायका घरं सारवायला आणत, तिचा आणि चित्रांचा रंग मला एकच वाटायचा. मला वाटायचं, ही चित्रं बायकांची आहेत आणि त्यांचा अर्थ कुणाला तरी अजून ठाऊक आहे. पण हे नुसतं वाटणं होतं. शंका माझ्याकडे नेहमीच भरपूर असतात. पुरावा नव्हता.

आणि पुरावा लागणार होता. पावसाआधी माझा करार संपत होता. नंतर नैरोबीला परिषद होती. तिथं दमदार निबंध वाचला तर संग्रहालयात कायमची जागा, नाहीतर परत यवतमाळ, जिथं माझी कॉलेजातली हंगामी नोकरी केव्हाच दुसऱ्याला दिली गेली होती.

त्या आठवड्यात साहित्य आणायला शहरात गेलो तेव्हा हॅलोवेलला रांगोळीची गोष्ट मी गंमत म्हणून सांगितली. तो हसला नाही.

"त्यांनी तिला आत घेतलं तर?" तो म्हणाला. "पिम, आजवर एकाही पुरुषाला त्या बायकांनी काही सांगितलेलं नाही. माझं चुकत असेल तर मी जाहीरपणे मान्य करीन. मला पुरावा दे."

परतीच्या वाटेवर मी गाडीत सारखा बोलायची तयारी करत होतो. बायकोशी बोलायचीसुद्धा मला तयारी लागायची.

तयारीची गरज पडली नाही. संध्याकाळी कंदिलाची काच पुसता पुसता शरयूच म्हणाली, "अंबुयांनी बोलावलंय. एका मुलीला न्हाण आलंय, तिला वर नेऊन शिकवायचंय. मलाही चल म्हणाल्या."

"तुला? का?"

"माझा हात चांगला आहे म्हणतात. ठिपके सारखे पडतात." मग तिनं काचेवर फुंकर मारली. "शिकवायला मूल झालेल्या बाईलाच आत घेतात. विचारलं त्यांनी, तुला झालंय का. मी हो म्हटलं."

दोन वर्षांपूर्वी तिच्या माहेरी, दारव्ह्याला, आमची मुलगी गेली होती. जन्मलीच तशी. मी तेव्हा उत्खननावर होतो. पोचलो तोवर शरयूच्या मामांनी सगळं उरकलं होतं. शरयूला तिचं तोंडही दाखवलं नव्हतं, कुठं पुरलं तेही सांगितलं नव्हतं. अशा मुलाचं सुतक धरत नाहीत म्हणे. घरात परत कुणी विषय काढला नाही. शरयूनं तर नाहीच. 'झालंय' हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला, तोही असा, दुसऱ्या भाषेतून फिरून आलेला.

"जा तू," मी म्हटलं. आणि लगेच म्हटलं, "तिथं त्या चित्रांबद्दल काही सांगतीलच ना?"

तिनं काच कंदिलावर बसवली. "विचारायचं ते विचारा. पण मी सांगीनच असं धरून चालू नका."

ज्या दिवशी बायका वर गेल्या त्या दिवशी पुरुषांना टेकडीची वाट बंद होती. सकाळपासून ढोल वाजत होता. मध्येच थांबायचा, मग कुणीतरी एकटी गायची, मग सगळ्याजणी हसायच्या. मी ओट्यावर पुस्तक उघडून बसलो. एकच पान पुन्हा पुन्हा वाचलं. उठलो, विहिरीपर्यंत गेलो, परत आलो. पेन्सिलींना टोकं केली.

"साहेब, बसा," एनोक म्हणाला. "तुमच्या येरझाऱ्यांनी माझे पाय दुखायला लागले."

"तुला खरंच माहीत नाही, आत काय चालतं ते?"

"माझ्या लग्नाला किती वर्षं झाली ते मला आठवत नाही. सात मुलं आहेत. बायको मला सगळं सांगते. शेजाऱ्याची बकरी कुठं व्याली, भाऊ कुणाशी भांडला. फक्त हे नाही. एकदा बिअर पिऊन मी फार मागे लागलो."

"मग?"

"मग काय. आठ दिवस मीच स्वैपाक केला."

तो हसला, मीही हसलो, पण दुपार कलल्यावर मला राहवेना. मी उठून टेकडीच्या पायथ्यापर्यंत गेलो. वाटेवर एक हिरवी फांदी आडवी टाकली होती. नुसती फांदी, लहान पोरानंही ओलांडली असती. वरून गाण्याचा आवाज येत होता आणि त्यात एक आवाज मला ओळखीचा वाटला. शरयू गात असताना मी दोन वर्षांत ऐकलं नव्हतं, त्यामुळे खात्री नव्हती. मी फांदीपाशी उभा राहिलो आणि मग परत फिरलो. मागे एनोक येऊन उभा होता. तो कोटाची बटणं लावत राहिला.

ती ऊन उतरल्यावर आली. नदीवर न्हाऊन आली होती, तरी कानामागे पांढरी माती राहिली होती. म्हणाली, भूक लागलीय. तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि झोपली. घोरत झोपली. मी कंदिलाशेजारी बसून तिच्याकडे बघत होतो आणि माझ्या डोक्यात, लाज वाटते पण खरं तेच लिहितो, मगरी होत्या.

पुढचे आठ दिवस मी तिला छळलं. मोठ्यानं नाही, मला मोठ्यानं काही करता येत नाही. जेवताना विचारायचो, ते शेपटीसारखं काय असतं, एवढंच सांग. पाणी भरताना विचारायचो, ठिपके मोजून काढतात का. शेवटी म्हटलं, तू फक्त मान हलव. मी आकार दाखवतो, बरोबर असेल तर मान हलव.

तिनं बादली खाली ठेवली. रागावली की ती वऱ्हाडीत यायची.

"काहून मागं लागले तुम्ही? नाही सांगायचं म्हनलं ना."

"माझी नोकरी आहे ती, शरयू. नोकरी गेली तर काय करणार आहोत आपण?"

"मंग तुमच्या नोकरीपायी मी शब्द मोडू? त्या बाईनं माझा हात धरून शब्द घेतला. तुमच्या पुस्तकात एकदा आलं की ती जागा त्या सोडून देतील. कायमची. मुलींना न्यायला दुसरी जागा नाही त्यांना." मग ती शांत झाली आणि पुन्हा नेहमीसारखं बोलली. "ते माझं नाही हो सांगायला. माझं असतं तर सांगितलं असतं."

मी घरात गेलो आणि टेबलावरचे कागद नीट रचले. ते आधीच नीट होते.

शनिवारी हॅलोवेल स्वतः येणार होता, शेवटचे कागद न्यायला. एक कागद राहिला होता, भिंतीची डावी बाजू. शुक्रवारी सकाळी मी एकटाच वर गेलो. कपारीत कुणी येऊन गेल्याची खूण नव्हती. झाडलेलं होतं. मी कागद चिकटवला आणि वरून खाली गिरवत आलो. कातडी, शेपट्या, ठिपके. हात सवयीनं चालत होता. डावीकडच्या खालच्या कोपऱ्यासाठी गुडघ्यावर बसावं लागलं.

तिथं नवी माती होती.

आधीची पांढरी चित्रं जुन्या दातांसारखी पिवळटलेली होती. ही दुधासारखी होती. कागदाची कड उचलून बोट लावलं तर कण सुटून आला. हाच पुरावा. बायका अजून काढतात, याच भिंतीवर, याच मातीनं. हॅलोवेलची दोन हजार वर्षं एका तळहाताएवढ्या चित्रानं पुसली जाणार होती. मी पेन्सिल उचलली. काय काढलंय ते मी तोवर बघितलंच नव्हतं. पुरावा आहे एवढंच बघितलं होतं.

मग बघितलं. कातडं नव्हतं, शेपटी नव्हती. दोन पावलं होती. टाचेचा एक ठिपका, तळव्याची वळलेली ओळ, वर पाच बारीक ठिपके बोटांचे. शरयू दिवाळीत दारापासून देवघरापर्यंत लक्ष्मीची पावलं काढायची ती अशीच. फक्त ही फार लहान होती. अंगठ्याएवढी.

आमच्याकडे पावलं नेहमी आत येणारी काढतात. बाहेर जाणारी कुणी काढत नाही, चुकून काढली तर पुसायला लावतात. ही बाहेर निघाली होती. भिंतीकडून कपारीच्या तोंडाकडे, जिथं खडक संपतो आणि खाली सगळं माळरान आणि वर आभाळ दिसतं.

त्या भिंतीवरची शेकडो चित्रं मी उतरवली आणि एकाचाही अर्थ मला आजवर कळलेला नाही. हे एक वाचता आलं.

बऱ्याच वेळानं पेन्सिल हातात घेतली आणि खाली ठेवली. गिरवायचं नाही एवढं ठरलं होतं. पण नुसतं सोडून देता येईना. कोरं सोडलं तर त्याचा अर्थ, इथं काही नाही. आणि इथं काही नव्हतं, हे दारव्ह्याला सगळ्यांचं आधीच म्हणून झालं होतं. मी खिशातून चाकू काढला, खडकाला धक्का लागू नये म्हणून कागद सोडवून मांडीवर घेतला आणि तेवढा भाग गोल कापून काढला.

दुसऱ्या दिवशी हॅलोवेलनं आमच्या टेबलावर तो कागद पसरला. भोक दिसायला त्याला वेळ लागला नाही.

"हे काय?"

"तेवढा भाग घेतलेला नाही."

"टवका उडालाय?"

"नाही."

"मग कोरं सोडायचं."

"कोरं नाही तिथं."

त्यानं चष्मा काढला. तो हुशार माणूस होता. "ताजं आहे," तो हळू म्हणाला. "पिम, तिथं काहीतरी ताजं आहे. मी चुकलो होतो आणि तुझ्याकडे पुरावा आहे. बरोबर?"

मी मान हलवली नाही. शरयू चहा घेऊन दारात आली होती. इंग्रजी तिला पुरतं कळत नव्हतं, पण ती तिथंच थांबली.

"काय आहे तिथं?"

"ते माझं नाही सांगायला, सर."

त्याला मी आयुष्यात पहिल्यांदाच नाही म्हटलं होतं. बहुतेक कुणालाही. मी हात टेबलाखाली घेतले.

"तुला कळतंय ना, तू काय फेकून देतोयस?"

"हो."

तो खिडकीतून टेकडीकडे बघत बसला. एक हात गुडघ्यावर होता. मला वाटलं, आता उठेल आणि कसाही चढेल. ओट्यावरून एनोक, कुणी न विचारता, म्हणाला, "पहिल्या पावसात तो कोपरा सगळा ओला होतो, साहेब. नवी माती तिथं टिकत नाही." कोपरा कुठला, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

हॅलोवेलनं चहा प्यायला. जाताना बाकीचे कागद गुंडाळून घेतले आणि तो एक टेबलावरच ठेवला. "भोक पडलेला कागद मला संग्रहालयात ठेवता येणार नाही," तो म्हणाला. "तूच ठेव." दारात थांबून त्यानं शरयूला नमस्कार केला, आपल्यासारखा हात जोडून. त्याला तो येतो हे मला माहीत नव्हतं. माझा करार वाढवला गेला नाही. पुढे मी शाळेत इतिहास शिकवला आणि त्या चित्रांवर कुठंही एक ओळ लिहिली नाही. आपण बरोबर केलं का, हे मी अजून अधूनमधून स्वतःला विचारतो. तो माझा स्वभाव आहे.

निघायच्या दिवशी शरयू सामान बांधत होती. तिनं तो कागद उलगडला, खिडकीशी धरला.

"हे फाटलं कुठं?"

"फाटलं नाही. कापलं."

भोकातून तिनं हात पलीकडे घातला. मग कागद फिरवून वरखाली नीट बघितलं आणि कोपरा कुठला ते तिच्या लक्षात आलं.

"म्हणजे दिसलं तुम्हाला."

"हो."

"आठ दिवस इतकं विचारत होतात. याचं काहीच विचारलं नाही."

"हे वाचता आलं मला."

ती खाली बसली. बाहेर कोंबड्या आज दारात काही नाही म्हणून कलकलत होत्या.

"पावलांचं तोंड कुठं होतं, तेही?"

"बाहेर."

तिनं कागदाची घडी घातली, भोक आतल्या बाजूला राहील अशी, आणि ती आपल्या साड्यांच्या ट्रंकेत तळाशी ठेवली. ट्रंक बंद करून तिनं तिच्यावर हात टेकला.

"अंबुयांनी विचारलं, नाव काय," ती म्हणाली. "मी म्हटलं, ठेवलंच नाही. तर म्हणाल्या, नाव नसलेलं पोर वाट कशी शोधणार. मग तिथंच ठेवलं." तिनं माझ्याकडे बघितलं. "हे सांगायला मनाई नाही. हे माझं आहे."

मी तिच्याशेजारी जमिनीवर बसलो. "सांग," मी म्हटलं.

तिनं सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही.